आतून दार लावणारं जनावर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून आम्ही बोलतोय. हातातलं काम सोडू नका. भाकरी थापत असाल तर थापत राहा, विड्या वळत असाल तर वळत राहा, कान तेवढा इकडं असू द्या.

मागच्या भागात आपण शेळ्यांच्या लसीबद्दल बोललो होतो. त्यानंतर एका बचत गटाकडून निरोप आला, पण तो लसीचा नव्हता. त्या ताई म्हणाल्या, आमच्या माळावर दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवरून येऊन गेली. शेळ्या राखणाऱ्या पोरांना गाठून विचारत होती, "खवल्या मांजराचं बीळ ठाऊक आहे का? धरायला नको, काही नको, नुसतं दाखवा. पैसे देतो." पोरांनी घरी येऊन आईला सांगितलं, हे बरं झालं. आता ताई विचारतात की हे खवल्या मांजर म्हणजे नेमकं कसलं जनावर, आणि त्याच्या नुसत्या बिळाला पैसे कशाचे?

पैशाचं मागाहून बघू. आधी जनावराची ओळख करून घेऊ, कारण आपल्यातल्या बहुतेकींनी ते उभ्या आयुष्यात पाहिलेलं नसतं. आणि त्यात आपला काही दोष नाही. ते रात्री फिरतं, एकटं फिरतं, तोंडातून आवाज काढत नाही आणि दिवसभर जमिनीखाली झोपतं. चाळीस वर्षं एकाच शिवारात राबलेल्या बाईलासुद्धा ते एकदाही न दिसणं सहज शक्य आहे.

तर पहिली गोष्ट, ते मांजर नव्हे. नावात मांजर आहे एवढंच. मोठं जनावर नाकापासून शेपटीपर्यंत तीन-साडेतीन फूट भरतं, वजन दहा-पंधरा किलोपर्यंत जातं. अंगावर केसांऐवजी खवले, एकावर एक चढवलेले, छपरावर कौलं बसवतात तसे. पाठ, डोकं, शेपूट, सगळीकडं खवले. पोट आणि तोंडाचा भाग मात्र उघडा, मऊ. हे खवले हाडाचे नसतात आणि दगडाचेही नसतात. आपली नखं ज्याची असतात, केस ज्याचे असतात, गाईचं शिंग ज्याचं असतं, त्याच पदार्थाचे ते असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आपलं सोलापूर तीन भाषांचं गाव. त्यामुळं नावंही तीन. मराठीत खवले मांजर किंवा खवल्या मांजर. अक्कलकोटकडं कन्नड बोलतात, त्या भाषेत त्याला चिप्पु हंदी म्हणतात, म्हणजे खवल्यांचं डुक्कर. आपल्या पूर्व भागातले विणकर तेलुगू बोलतात, तेलुगूत ते अलुगु. इंग्रजीत त्याला पँगोलिन म्हणतात आणि तो शब्द मूळ मलाया देशातल्या भाषेचा आहे. त्याचा अर्थ गुंडाळी होणारा. कुणी त्याला मांजर केलं, कुणी डुक्कर केलं, पण मलायातल्या लोकांनी त्याची खरी सवय हेरली. भीती वाटली की हे जनावर पळत नाही, चावत नाही, ओरडत नाही. डोकं पोटाशी घेतं, वरून शेपूट लपेटतं आणि गोळा होऊन बसतं. तपकिरी रंगाचं भलं मोठं सीताफळ जमिनीवर पडलंय असं वाटावं. बिबट्यानं चाटून, पंजानं लोटून पाहिलं तरी दात कुठं रोवावा ते त्याला कळत नाही. कंटाळून निघून जातो.

चावत नाही म्हणालो, कारण चावायला दात हवेत. खवले मांजराला एकही दात नाही. जन्मभर नाही. मग खातं कसं? त्याचं खाणं म्हणजे मुंग्या आणि वाळवी, त्यांची अंडी, त्यांची पिल्लं. दुसरं काही नाही. वासावरून मुंग्यांचं घर किंवा वारूळ शोधायचं, पुढच्या पायांच्या नखांनी ते उकरायचं आणि आत जीभ सोडायची. ही जीभ फार विलक्षण आहे. आपल्या जिभेचं मूळ घशात असतं, हिचं मूळ पार छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत गेलेलं असतं. बारीक, लांब आणि चिकट. आत गेली की मुंग्या चिकटवूनच बाहेर येते. खाताना मुंग्या चावायला येतात, तेव्हा हे जनावर कानाची भोकं आणि नाकपुड्या मिटून घेतं. आणि दळणाचं काम पोटात. मुंग्यांबरोबर मातीचे कण, बारीक खडे पोटात जातात, पोटाची भिंत जाड असते, आत सगळं रगडलं जातं. आपल्या आज्ज्या पहाटे जात्यावर बसायच्या. या जनावराचं जातं पोटातच आहे.

वारुळाचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. नागपंचमीला आपण वारुळाला जातो, दूध-लाह्या वाहतो. वारूळ नाग बांधत नाही, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. ते बांधते वाळवी. घराच्या वाशाला लागते ती, कडब्याच्या गंजीत शिरते ती, उसाची टिपरी लावली की डोळ्याला लागते ती, भुईमुगाची शेंग मातीतच पोखरते ती. सगळ्याच वाळव्या नुकसानीच्या नसतात, पालापाचोळा कुजवून माती करणाऱ्याही त्याच. पण त्या बेसुमार वाढू नयेत म्हणून त्यांना खाणारं कुणीतरी लागतं. खवले मांजर एका रात्रीत हजारो मुंग्या-वाळव्या खाऊन जातं. आणि एका वारुळाचा चट्टामट्टा करत नाही. थोडं खातं, पुढच्या वारुळाकडं जातं. तेवढ्यात पहिलं वारूळ पुन्हा सावरतं. आम्हाला हे वाचून आपल्या गावातल्या जुन्या शेतकऱ्यांची आठवण झाली, जे बियाण्याच्या कणगीला हात लावत नसत.

आता बीळ. खरं सांगायचं तर आजचा भाग आम्ही बिळासाठीच करतोय.

खवले मांजराची बिळं दोन प्रकारची असतात. एक नुसतं खाण्यासाठी उकरलेलं. मुंग्यांच्या घरापर्यंत पोचलं, खाल्लं, निघून गेलं. ते फार खोल नसतं. दुसरं राहण्याचं. ते मात्र खरं घर. जागा बघून, कुठं मोठ्या दगडाच्या आडोशाला, कुठं झाडाच्या मुळ्यांजवळ, उताराला. पुढच्या पायांना जी लांब, वाकडी, दणकट नखं असतात, त्यांनी माती मोकळी करायची आणि मागच्या पायांनी बाहेर लोटायची. विहिरीवर एक जण खणतो, दुसरा पाटी भरून वर देतो. इथं दोन्ही कामं एकटाच करतो. मुरमाड, दगडी जमीन असेल तर बीळ पाच-सहा फुटांवर थांबतं. माती भुसभुशीत असेल तर वीस फुटांपर्यंत जातं. वीस फूट म्हणजे दोन मजली घराची उंची, ती जमिनीत. आणि शेवटाला एक खोली. गोल, ऐसपैस, जनावराला वेटोळं घालून झोपता येईल एवढी.

आपल्याकडं पूर्वी पेवं असायची, ते आपल्यातल्या वयस्क बायांना आठवत असेल. ज्वारी जमिनीखाली ठेवायची, वरून तोंड लिंपून टाकायचं. बाहेर वैशाखाचा वणवा असो की पौषातली थंडी, आत सगळं एकसारखं. खवले मांजराचं बीळ हे त्याच अकलेचं काम आहे. सोलापूरचा मे महिना कसा असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको; दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. जमिनीखाली सहा-आठ फुटांवर मात्र ऊन पोचतच नाही. हे जनावर तिथं निवांत झोपलेलं असतं.

आणि झोपताना ते काय करतं माहीत आहे? दार लावून घेतं. आत गेल्यावर मागं माती ओढून बिळाची वाट आतून बुजवून टाकतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, जुनं, पडलेलं, ओस बीळ आहे. आता पेवाची दुसरी गोष्टही आठवा. बंद पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आतली हवा जीव घेते म्हणून आधी वारं खेळू देत. मग बंद बिळात हे जनावर कसं जगतं? एक तर माती सैल असते, तिच्यातून थोडी हवा झिरपते. दुसरं, त्याच्या शरीराचा सगळा कारभारच मंद चालतो. अंगाची ऊब आपल्यापेक्षा कमी, झोपेत हालचाल नाही, खर्चच कमी. मुंग्या खाऊन मिळणारी ताकद ती किती, तेवढ्यात भागवायचं तर असं जगावंच लागतं. महिन्याचा पगार पुरवून खाणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको.

अंधार पडला की माती बाजूला सारून बाहेर येतं. त्याची चाल बघण्यासारखी असते. पुढची नखं बोथट होऊ नयेत म्हणून ती आत मुडपून, पंजाच्या पाठीवर चालतं. कधी मागच्या दोन पायांवर उठतं, शेपटीचा टेकू घेतं आणि मान वर करून वास घेतं. डोळे अधू आहेत त्याचे, भिस्त नाकावर.

पिल्लू याच बिळात जन्मतं. एका वेळी एकच, क्वचित दोन. जन्मताना त्याचे खवले मऊ असतात, हळूहळू कडक होतात. आई त्याला बाहेर नेते तेव्हा ते तिच्या शेपटीच्या बुडाशी, खवल्यांना नखं अडकवून बसतं. धोका दिसला की आई त्याला पोटाशी घेते आणि त्याच्याभोवती गोळा होते. पिल्लू आत, आई बाहेर. वर्षाला एक पिल्लू म्हणजे किती संथ वाढ, बघा. आपली शेळी दोन-दोन करडं देते, उंदीर तर विचारूच नका. एखाद्या माळावरची दोन मोठी खवले मांजरं कुणी नेली, तर तो माळ पुन्हा भरायला किती वर्षं लागतील याचा हिशेब आपल्याला बोटांवर करता येईल.

त्यानं सोडलेलं बीळही वाया जात नाही. साळींदर येतं, खोकड येतं, घोरपड येते, साप येतो. आयतं घर मिळतं. उकरलेल्या जागी पावसाचं पाणी मुरतं, खालची माती वर येते. एकानं खणलं, दहा जणांनी वापरलं.

बिळाच्या खुणा सांगाव्यात की नाही, यावर आमच्यात बराच वेळ बोलणं झालं. एकीचं म्हणणं, चोराला वाट दाखवल्यासारखं होईल. पण ज्याला धरायचं आहे त्याला या खुणा आधीच पाठ असतात. माहीत नसतं ते आपल्याला, म्हणजे रोज त्या माळावर सरपण वेचणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या बायांना. म्हणून सांगतो. बिळाचं तोंड पाण्याची कळशी सहज आत जाईल एवढं असतं, उंदरा-घुशीच्या बिळापेक्षा बरंच मोठं. बाहेर ताज्या मातीचा ढीग. कडेच्या मातीवर नखांचे लांब ओरखडे. जवळपास वारुळं उकरलेली. कधी धुळीत पावलांमागं शेपटीची ओढ उमटलेली. बिळापाशी काटे पडलेले असतील, कुरतडलेली हाडं असतील, तर ते साळींदराचं. हाडांचा, मांसाचा घाण वास येत असेल तर तरस, कोल्हा किंवा खोकड असेल. खवले मांजराच्या बिळापाशी उष्टं-खरकटं नसतं. त्याचं जेवण सगळं जिभेवरच संपतं.

आता पैशाकडं येऊ.

जगात खवले मांजराच्या आठ जाती आहेत, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. आठही संकटात. आपल्या माळावरची ती भारतीय खवले मांजर. जगभरच्या जनावरांची गणती ठेवणारी जी संस्था आहे, तिच्या यादीत ती नष्ट होण्याचा धोका असलेल्यांत मोडते. भारताशिवाय ती पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका एवढ्याच देशांत उरली आहे. बिबट्या जिला फोडू शकत नाही ती संपत चालली, कारण तिचं एकमेव हत्यार माणसापुढं उलटं पडतं. ती गोळा होऊन बसते आणि माणूस तो गोळा उचलतो आणि पोत्यात घालतो. ना पळणं, ना चावणं, ना ओरडणं. बिळात असली तर आणखी सोपं. कुदळीनं खणतात, नाही तर तोंडाशी धूर करतात. तिनं आतून लावलेलं मातीचं दार धुरापुढं काय टिकणार?

कशासाठी नेतात? काहींना मांस हवं असतं. पण मोठी मागणी खवल्यांची. चीन, व्हिएतनाम अशा देशांत पिढ्यान् पिढ्या हे खवले औषध म्हणून विकले गेले. कशावरचं औषध? त्यातलं एक ऐका. बाळंतिणीला दूध यावं म्हणून. बायांनो, आपल्याकडं बाळंतिणीला अळीव देतात, डिंकाचे लाडू देतात, शतावरी देतात. कुणी नखं कापून पाजतं का? मघाशी सांगितलं ते आठवा, खवला म्हणजे नखाचाच पदार्थ. नखानं दूध आलं असतं तर न्हाव्याच्या दुकानात बाळंतिणींची रांग लागली असती. २०२० साली चीननं स्वतःच्या सरकारी औषधांच्या ग्रंथातून खवल्यांची नोंद काढून टाकली. पण चोरटा बाजार ग्रंथ वाचून चालत नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये सिंगापूरच्या बंदरात एका आठवड्यात दोन वेळा माल पकडला, दोन्ही मिळून २५ टनांच्या वर खवले. तो माल आफ्रिकेतून व्हिएतनामला निघाला होता. एका जनावराच्या अंगावरचे खवले काही किलो भरतात. २५ टनांसाठी किती हजार जिवांना पोत्यात घातलं असेल, ते तुम्हीच बघा.

आपल्याकडं आणखी एक खूळ आहे, आणि ते परदेशातून आलेलं नाही. जिवंत खवले मांजर घरात ठेवलं की पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, खवल्याची अंगठी घातली की बाधा होत नाही, खवला उगाळून घेतला की मूळव्याध जाते. मांडुळाबद्दल अशाच कहाण्या सांगतात, कासवाबद्दल सांगतात. नवल एवढंच की ज्याच्याकडं पैशांचा पाऊस पाडणारं जनावर आहे, तो ते विकायला गिऱ्हाईक शोधत फिरतो.

हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही मात्र. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत आपल्या देशात ३४२ वेळा खवले मांजराचा चोरटा व्यापार पकडला गेला आणि त्यात १,२०३ जनावरांचा हिशेब लागला. हे ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी काढलेले आकडे. पहिला नंबर ओडिशाचा. दुसरा आपल्या महाराष्ट्राचा. आणि हे फक्त पकडलेलं.

पकडलं जातं कोण? बातम्या नीट वाचा. दूरच्या शहरात बसलेला खरेदीदार क्वचित सापडतो. सापडतो तो गावातला माणूस, ज्यानं खड्डा खणला, ज्यानं पोतं मोटारसायकलवर ठेवलं. त्याला मिळायचे होते थोडेसे हजार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात खवले मांजर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याला मारलं, धरलं, तर तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड. खवला जवळ बाळगणं, विकणं, विकत घेणं हाही गुन्हाच. गाडी वापरली असेल तर ती सरकारजमा होते. हप्त्यावर घेतलेली असली तरी.

आणि आता त्या ताईंच्या प्रश्नातला नेमका शब्द: नुसतं दाखवा. कायद्यात अशा कामाला मदत करणाऱ्यालाही, गुन्हा स्वतः केल्यासारखंच धरलं आहे. बीळ दाखवणारा आणि बीळ खणणारा एकाच रांगेत. ती दोन माणसं पोरांना हे सांगणार नाहीत. म्हणून आपण सांगायचं. आज संध्याकाळी, जेवायला बसल्यावर, घरातल्या मुलांना आणि मुलांच्या बापालाही. सोयाबीनचे पैसे यायचे आहेत, गटाचा हप्ता तटलाय, अशा वेळी कुणी चार हजार हातावर ठेवतो म्हणाला की मन हलतं. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण तीन वर्षं कमावता माणूस आत बसला तर त्या घरात चूल कोण पेटवतं, ते आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

या सगळ्यात एक चांगली गोष्टही घडली आहे, आणि ती आपल्या राज्यातच. कोकणात चिपळूणला सह्याद्री निसर्ग मित्र नावाची संस्था आहे, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांची. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखण्याचं काम यांनीच उभं केलं. पुढं त्यांनी खवले मांजराचं काम हाती घेतलं. गावोगाव जाऊन लोकांशी बोलले, रानात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. दरवर्षी फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी जगभर खवले मांजराचा दिवस पाळतात. २०२० साली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावानं त्या दिवशी खवलोत्सव केला. खवले मांजराची प्रतिकृती केली, पालखीत बसवली आणि शिमग्यात देवाची पालखी नाचवतात तशी नाचवली. ज्याला पोत्यात घालून नेत होते त्याला पालखीत बसवलं. आम्हाला ही युक्ती फार आवडली. सरकारी फलक लोक वाचतात आणि विसरतात, पण पालखी नाचवलेल्या गावात त्या जनावरावर कुदळ उचलायला हात धजत नाही. आपल्याकडं गड्ड्याची जत्रा आहे, पंढरीची वारी आहे, भारूड म्हणणाऱ्या बाया आहेत. एखाद्या गटानं भारुडात या मुक्या जनावराला आणलं, तर आम्ही ते इथं लावू. खरंच पाठवा.

सोलापूरला माळाची किंमत तशी जुनीच ठाऊक आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. तिथं काळवीट, लांडगा, खोकड आजही आहेत, गवताच्या आधारानं. तरीही माळ म्हटलं की आपल्या तोंडात पडीक हाच शब्द येतो. पडीक म्हणून जेसीबी लावून मुरूम उचलायचा, पडीक म्हणून उन्हाळ्यात गवत पेटवून द्यायचं. वर दिसतं ते नुसतं सुकलं गवत, पण खाली कुणीतरी दार लावून झोपलेलं असतं. वणवा बिळात शिरत नसेल, पण बाहेर खायला मुंगी ठेवत नाही. आणि जेसीबीचं दात असलेलं बकेट तर थेट घरावरच येतं.

काही जणींनी व्यवहारातलं विचारलंय, तेवढं सांगून थांबतो.

बीळ दिसलं तर काय करायचं? काही करायचं नाही. काठी घालायची नाही, धूर करायचा नाही, तोंड बुजवायचं नाही. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर तर मुळीच टाकायचा नाही. तुम्ही कौतुकानं टाकाल, तो फोटो फिरत फिरत ज्याच्याकडं जायला नको त्याच्याकडं जाईल, आणि गावाचं नाव वर लिहिलेलं असेल. शेवटी वाट पुसणारे तेच.

जनावरच समोर आलं तर? कोरड्या विहिरीत पडलं, रस्त्यावर आलं, वस्तीत शिरलं, असं होतं. कुत्री आवरा, पोरांना लांब करा. ते गोळा होऊन बसलं असेल तर तसंच राहू द्या. सगळं शांत झालं की आपणहून उलगडतं आणि निघून जातं. दूध, चपाती, भात ठेवू नका, ते त्याचं अन्न नव्हे. दोन दिवस पाळून बघू, हेही नको. पिंजऱ्यात ते खात नाही, घाबरून खंगतं. ओडिशात नंदनकाननला सरकारी प्राणिसंग्रहालयात खवले मांजरांची पैदास करतात, पण त्यासाठी वेगळी माणसं, वेगळा आहार, वर्षांची मेहनत लागते. आपल्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत ते जगत नाही. अडकलं असेल, जखमी असेल, तर वन खात्याला फोन करा. नंबर लिहून घ्या, १९२६. एक, नऊ, दोन, सहा. पैसे लागत नाहीत.

विकत मागणारं कुणी आलं तरी हाच नंबर. गाडीचा नंबर, दिवस, वेळ लक्षात ठेवा. एकटीला फोन करायचा धीर होत नसेल तर गटाच्या बैठकीत सगळ्या बसलेल्या असताना करा आणि वहीत नोंद ठेवा. दहा जणींनी मिळून केलेल्या फोनवरून कुणा एकीकडं बोट दाखवता येत नाही.

आणि शेवटचा प्रश्न, बार्शीकडच्या एका ताईंचा. शेताच्या बांधाला असलं बीळ निघालं, तर पेरणीच्या वेळी काय करायचं, पीक खाईल का? नाही ताई, पीक ते खात नाही. त्याला दातच नाहीत. औताचे दोन तास अलीकडंच थांबवा आणि तेवढा बांध तसाच राहू द्या. त्या तुकड्यात चार पायली ज्वारी कमी होईल म्हणाल, तर तेवढीही नाही होणार. आणि पुढच्या वर्षी भुईमुगाच्या शेंगा काढताना बघा, वाळवीनं किती पोखरल्यात. कमी निघाल्या तर आम्हाला कळवा, जास्त निघाल्या तरी कळवा.